शेवटच्या काठीच्या पुढे

"कुठला रे तू?"
"जेऊर."
"म्हणजे नगरजवळचं?"
"नाही, सोलापूरचं. करमाळा तालुका."
"हं... म्हणजे दुष्काळी!"

होस्टेलवरच्या पहिल्या रात्री झालेला हा संवाद. त्यानंतर तीन वर्षं मी 'दुष्काळी' याच नावाने ओळखला गेलो. मेसमध्ये पाण्याचा जग माझ्यापुढे सरकवताना आजही कोणी ना कोणी म्हणतोच, "घे बाबा, तुला सवय नसेल!" सुरुवातीला राग यायचा. मग हसायला शिकलो. पण खरं सांगायचं तर आमचं घर जेऊर स्टेशनापासून दहा-बारा किलोमीटरवर, उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठावर आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात धरण भरलं की आमच्या वस्तीवरून पलीकडचा इंदापूर तालुका धूसर दिसतो. मधे नुसतं पाणी. लाटासुद्धा येतात. दुष्काळी तालुक्यात राहून समुद्रकाठी राहिल्यासारखं!

पण खरा समुद्र मी वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत पाहिला नव्हता. तो पाहिला २०२४ च्या उन्हाळ्यात, आणि त्या उन्हाळ्यात जे घडलं ते या पानांवर लिहावं असं दोन वर्षं मनात होतं.

सेकंड इयरचं दुसरं सेमिस्टर संपलं तेव्हा आमच्या सिव्हिल विभागाने दोन आठवड्यांचा ऐच्छिक उन्हाळी कोर्स जाहीर केला. विषय होता 'भूशास्त्र आणि किनारी पर्यावरण'. मुक्काम श्रीवर्धन परिसरात, जेवणाखाण्यासह सहा हजार रुपये. नोटीस बोर्डावरचा तो कागद मी तीनदा वाचला आणि घरी फोन लावला.

दादा (म्हणजे माझे वडील) बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "एवढ्यात सात-आठ पाइप येत्यात." आणि थोड्या वेळाने, "धरण मायनसमधी गेलंय. मोटार पुढं सरकवायला माणूस पायजे. तू सुट्टीला येणार म्हणून धरून चाललो होतो."

हे 'मायनस' प्रकरण पुण्या-मुंबईच्या मित्रांना समजावून सांगावं लागतं. उजनीत एकूण पाणी मावतं सुमारे ११७ टीएमसी. त्यातलं जवळजवळ ६४ टीएमसी मृतसाठा, आणि वरचं साधारण ५३ टीएमसी उपयुक्त. टक्केवारी मोजतात ती वरच्या साठ्याची. तो संपला की शून्य टक्के. त्याच्या खाली उतरलं की वजा. म्हणजे वजा पन्नास टक्के ऐकून धरण कोरडं पडलं असं समजू नका. पोटात तेव्हाही सदतीस टीएमसीच्या आसपास पाणी असतं. फक्त ते काठापासून लांब लांब जात राहतं. आणि काठावरचा शेतकरी पाण्याच्या मागे मोटार, पाइप आणि केबल घेऊन चालत राहतो. २०२४ साली धरण जानेवारीतच शून्याखाली गेलं होतं. आमची दोन एकर केळी घडावर आली होती.

तरीही मी गेलो. आबांनी (आजोबांनी) दादांना गप्प केलं. म्हणाले, "जाऊ दे त्येला. पाणी शिकाय निघालाय, सिनेमाला न्हाय." पैसे दादांनी सोसायटीच्या हप्त्यातून काढून दिले. हे मला नंतर आईकडून कळलं.

कोर्सला आम्ही चौदा जण होतो. २१ एप्रिलला पोचलो, दोन दिवसांनी हनुमान जयंती, म्हणजे पौर्णिमा. सरांनी मुद्दामच तो मुहूर्त धरला होता. पौर्णिमा-अमावस्येच्या आसपास सूर्य आणि चंद्र दोघं मिळून ओढतात, म्हणून पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. किनाऱ्यावरचे लोक त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या सुमारास ओढ मंदावते तो भांग. आम्ही पुस्तकात हे वाचलं होतं. पण जिथं काल दुपारी चपला काढून ठेवल्या होत्या तिथं आज कमरेएवढं पाणी, हे बघितल्यावर वाचलेलं समजलं.

तिथल्या एका म्हाताऱ्या मच्छीमार काकांनी आम्हाला भरतीचं गणित शिकवलं. तिथीची पाऊणपट करायची, तो आकडा म्हणजे पूर्ण भरतीचा तास. अष्टमीला आठची पाऊणपट सहा, भरती सहाच्या सुमारास. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वा अकरा. आम्ही लगेच मोबाईल काढून भरतीच्या तक्त्याशी ताळा करायला लागलो. पौर्णिमेला बराच फरक यायला लागला. सरांनी तो तिथंच फळ्याशिवाय, वाळूवर सोडवून दाखवला. चांद्रमासात तिथ्या तीस, म्हणजे दर तिथीला भरती २४ तासांचा तिसावा भाग, ४८ मिनिटं पुढे सरकते. पाऊण तास म्हणजे ४५ मिनिटं. तिथीमागे तीन मिनिटं राहतात, पंधरा तिथ्यांत तीच पाऊण तास होतात. काकांना हे सांगितलं तर ते हसले. "ते आमी अंदाजानं धरतो. होडी काढायची असते, परीक्षा द्यायची नसते!" चौदाच्या चौदा जण हसलो. मी ते वाक्य वहीत लिहून ठेवलं, पण त्यातलं शहाणपण मात्र वहीतच राहिलं. ते पुढे येईलच.

हरिहरेश्वरला देवळामागून प्रदक्षिणेचा मार्ग आहे. ओहोटी असेल तरच त्या वाटेने जाता येतं. खाली उतरलं की लाटांनी कापून सपाट केलेला खडकाचा ओटा आणि बाजूला कडा. कड्याला मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भोकंच भोकं. खारं पाणी दगडाच्या बारीक फटींत शिरतं, वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगड कणाकणाने फोडतात. मी त्या दगडावर हात ठेवला आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. कारण दगड आमचाच होता! बेसॉल्ट, म्हणजे काळा फत्तर. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरत गेले, त्याच थरांवर जेऊरचं स्टेशनही उभं आहे आणि हरिहरेश्वरचं देऊळही. आमच्याकडे ऊन-पावसाने त्याची काळी माती होते, इथे लाटा आणि मीठ त्याला कोरतात.

सरांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती नकाशावर. आमची भीमा उगम पावते भीमाशंकरला. तिथून पश्चिमेला अरबी समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आतच. पण नदी समुद्राकडे पाठ फिरवते आणि पूर्वेला निघते. आठशेहून जास्त किलोमीटर चालून कर्नाटक-तेलंगणाच्या सीमेवर कृष्णेला मिळते आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. आमच्या उजनीत येतं ते पाणी मुख्यतः पुण्याच्या बाजूच्या घाटात पडलेलं. घाटात हजारो मिलिमीटर, आमच्याकडे वर्षाला पाचशेच्या आसपास. म्हणजे आमच्या केळीच्या मुळाशी जे पाणी जातं ते याच समुद्रावरून ढग होऊन आलेलं असतं. होस्टेलवरच्या 'दुष्काळी'ला एवढं तरी उत्तर मिळालं!

दिवेआगरच्या पुळणीवर आम्ही वाळू तपासली. मूठभर वाळूवर लिंबू पिळलं की बारीक बुडबुडे येतात. तो शंख-शिंपल्यांचा चुरा. चुंबक फिरवला की काळे कण चिकटतात. ते खडकातून आलेले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने या भागातल्या नारळी-पोफळीच्या बागा झोपवल्या होत्या. चार वर्षांनी नवी सुपारी लावलेली दिसत होती. एका बागायतदार मावशींनी सांगितलं की पोफळ हाताशी यायला सात-आठ वर्षं लागतात. मला आमची केळी आठवली. केळीचं निदान वर्षात कळतं.

आणि मग आली ती दोन काठ्यांची पद्धत. किनाऱ्याचा उतार मोजायला के. ओ. एमरी नावाच्या अमेरिकन समुद्रशास्त्रज्ञाने ती १९६१ मध्ये मांडली. साहित्य काय, तर सारख्या उंचीच्या दोन काठ्या, त्यावर सेंटिमीटरच्या खुणा आणि एक दोरी. एक काठी वर, दुसरी दोरीच्या अंतरावर पाण्याच्या बाजूला. वरच्या काठीपाशी डोळा खाली आणत जायचा, खालच्या काठीचं टोक आणि क्षितिज एका रेषेत आलं की थांबायचं. आपली काठी टोकापासून जितकी खाली मोजली तितका उतार. मग वरची काठी पुढे. असं करत करत पाण्यापर्यंत. तीन हजाराची दुर्बीण नको की तीन लाखांचं टोटल स्टेशन नको. मला ही पद्धत इतकी आवडली की रात्री खोलीतही झाडूच्या दांड्या घेऊन सराव केला.

शेवटच्या दिवशी मी आलेख काढला आणि पाण्याखाली किनारा कसा असेल ते दाखवायला तीच रेघ पुढे ओढली. सरांनी लाल पेनने ती खोडली. "शेवटच्या काठीच्या पुढचं तुला माहीत नाही. तिथे रेघ मारायची नाही." मी 'हो सर' म्हणालो. हो म्हणायला काय लागतं!

७ मेच्या मतदानाआधी सगळ्यांना घरी पोचता यावं म्हणून कोर्स ४ मेला संपवला होता. ५ तारखेला जेऊरला उतरलो. दादा मोटारसायकल घेऊन आले होते. रंग काळवंडला होता. वाटेत फक्त एवढंच बोलले, "दोनदा सरकवली मोटार. आता पाइप संपले."

घरी पोचल्या पोचल्या मी काठावर गेलो. एरवी जिथं पाणी असतं तिथं चिखलाच्या भेगा, त्यावर शिंपले आणि मेलेली चिलापी. आणि उतारावर बारीक बारीक पायऱ्या, एकाखाली एक. लहानपणापासून बघत होतो, पण आज कळलं. पाणी जिथं थोडे दिवस थांबतं तिथं लाटा काठ कापतात आणि खाच पाडतात. हरिहरेश्वरच्या ओट्याची ही हातभर लांबीची भावंडं!

दुसऱ्या दिवशी मी दोन बांबू सारखे कापून घेतले. क्षितिज आमच्याकडे नाही, पलीकडे इंदापूरचा चढ दिसतो. म्हणून गवंड्याकडून लेव्हल पाइप मागून आणला. पाण्याशी खुंटी ठोकून रोज सकाळी पातळी मोजली. आठ दिवसांत ३२ सेंटिमीटर उतरली, म्हणजे दिवसाला चार. काठाचा उतार निघाला चाळीसास एक. गणित सोपं. पाऊस यायला तीस दिवस धरले, पातळी उतरणार १२० सेंटिमीटर, चाळीसने गुणलं की ४८ मीटर. वीस फुटी पाइप सहा मीटरचा. आठ पाइप! मी कागद दादांपुढे ठेवला. शेजारच्या वस्तीवरचे लोक अंदाजाने वीस-वीस, तीस-तीस पाइप उधारीवर आणत होते. आणि आम्ही मोजून आठ. मला जो अभिमान वाटला तो इथे लिहायला लाज वाटते.

आबा बाजेवर बसून ऐकत होते. म्हणाले, "पुढं थोरली पट्टी लागंल बघ." मी कॅल्क्युलेटरवर होतो. 'हं' म्हणालो. दादांनी एकदा आबांकडे पाहिलं, एकदा माझ्या कागदाकडे. आणि आठच पाइप आणले.

सुरुवातीचे दहा दिवस सगळं बरोब्बर कागदाप्रमाणे चाललं. पाणी सोळा मीटर मागे गेलं, तीन पाइप लागले. दादा शेजाऱ्यांना सांगायचे, "पोरानं मोजून काढलंय."

मधेच २१ मेची ती संध्याकाळ. एकाएकी वादळी वारा सुटला. आमच्याकडचे पत्रे उडाले म्हणून आम्ही धावत होतो, आणि त्याच वेळी कुगावहून कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट उलटली. सहा जण गेले. धरण एवढं आटलेलं असताना एवढ्या लाटा कशा, असं सगळे विचारत होते. मला कोर्समधलं आठवलं. लाट मोठी होते ती वारा किती जोरात आहे, किती वेळ वाहतो आणि मोकळ्या पाण्यावरून किती लांब धावतो यावर. पाणी कमी झालं तरी नदीच्या अंगाने ते मैलोन् मैल मोकळंच होतं. हे उत्तर मला येत होतं, पण त्या चार दिवसांत काठावर बसलेल्या माणसांपुढे ते बोलायची हिंमत झाली नाही. काही गोष्टी आधी माहीत असून उपयोग असतो. नंतर नाही.

२३ मेला सकाळी मी खुंटीपाशी गेलो तर पाणी खुंटीपाशी नव्हतं. आठ मीटर लांब होतं. पातळी मात्र रोजच्यासारखी चारच सेंटिमीटर उतरली होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा आठ मीटर. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी वेड्यासारखा काठ्या घेऊन ओल्या चिखलात गुडघाभर रुतत उतार मोजला. दोनशेस एक! जवळजवळ सपाट. उरलेले पाच पाइप चार दिवसांत संपले आणि मोटारीचा फूटव्हॉल्व्ह उघडा पडला.

आबांना विचारलं. ते काठी टेकत माझ्याबरोबर आले आणि हाताने दाखवत गेले. "ही थोरली पट्टी. आपली जुनी बागायत. सपाट केलेली, बैलांच्या केणीनं. माज्या बापानं केली. त्यो बघ बांध. पलीकडं मळईचा रस्ता, त्याच्याम्होरं नदी." १९८० मध्ये धरण पूर्ण झालं. पाणी चढलं तेव्हा आबा तेवीस-चोवीस वर्षांचे होते. माझ्या काठ्या जिथं थांबल्या होत्या, त्याच्या पुढचा सगळा नकाशा त्यांच्या डोक्यात चव्वेचाळीस वर्षं तसाच होता. उतारासकट! आणि ते मला एका वाक्यात सांगूनही मोकळे झाले होते.

"दादा, २०१९ ला पण पाणी एवढं खाली गेलं होतं ना? मग तुम्हाला कसं..." मी विचारलं.

"तवा मोटार चुलत्यासंगं वढ्याच्या अंगाला हुती. वाटणीनंतर हितं आलो. पण आबांचं ऐकून शंका आली हुती मला." दादा थांबले. "म्हटलं, पोरगं शिकून आलंय. त्येच्या कागदावर आपण कशाला बोट ठेवायचं."

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तेव्हा पाइप मिळेनासे झाले होते. सगळ्यांनाच हवे होते. शेवटी आमच्यासारख्या अडकलेल्या चार वस्त्यांनी मिळून जेसीबी लावला आणि पाण्यापासून मोटारीपर्यंत चारी खोदायची ठरली. सगळ्यांचं म्हणणं होतं, सरळ रेषेत खोदा. आबा म्हणाले, नको, जुन्या पाटाच्या अंगानं घ्या, तिथं सखल हाय. या वेळी मी आधी ऐकलं आणि मग लेव्हल पाइप लावला. आबांचा पाट खरंच पस्तीस सेंटिमीटर खाली निघाला. तेवढी खोदाई वाचली. पाच दिवस केळीला पाणी नव्हतं, सहाव्या दिवशी रात्री सुरू झालं. अर्धा एकर हातचा गेला, घड काळे पडून माना टाकल्या. दीड एकर वाचला. जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस आला आणि धरण चढायला लागलं.

जुलैत होस्टेलवर परतण्याआधी मी आणि आबांनी एक काम केलं. चढत्या पाण्याखाली जाण्याआधी थोरल्या पट्टीचा कोपरान् कोपरा मोजला. जिथं पाणी होतं तिथं एका भोई काकांच्या होडीतून ओळंबा सोडून खोली घेतली. आबा नावं सांगत होते, मी आकडे लिहीत होतो. बांध, पाट, मळईचा रस्ता, आणि एके ठिकाणी आबा म्हणाले, "हितं आमचा गोठा." तिथं खोली आली दोन मीटर दहा सेंटिमीटर. ते थोडा वेळ पाण्याकडे बघत बसले. मी पुढचा आकडा घ्यायची घाई केली नाही.

तो नकाशा आज आमच्या घराच्या भिंतीवर आहे. त्यावर पातळी आणि पाइपांची संख्या समोरासमोर लिहिलेली आहे. पुन्हा धरण तेवढं खाली गेलं तर अंदाज लागेल. सरांना फोटो पाठवला होता. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं, "शेवटच्या काठीच्या पुढे रेघ मारली आहेस. पण या वेळी विचारून."

मित्रांनो, आता आपण सगळे कुठे ना कुठे नोकरीला लागू. कुठल्या तरी गावात टोटल स्टेशन उभं करू, आणि बाजूला कोणीतरी म्हातारा काठी टेकून बघत उभा असेल. तो काहीतरी पुटपुटेल. माझी एवढीच विनंती आहे की कॅल्क्युलेटर खाली ठेवा आणि विचारा, "काय म्हणालात आबा?"

आणि हो, मेसमध्ये पाण्याचा जग माझ्याकडे खुशाल सरकवा. आता राग येत नाही. फक्त अर्धा पिऊन ओतून देऊ नका.

— अंतिम वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी